आग्रहाचं कलम

"ताई, आईचे ओठ हलतात, पण आवाजच येत नाही," टोरांटोहून संग्राम सांगत होता. "कितीतरी रविवार झाले. अन्वी म्हणते आजी गोष्ट सांग, आई सांगते, हातवारे करते, स्वतःच हसते. इकडे आम्हाला नुसतं मुकं चित्र. फोन बदलला, लाइन बदलली. आता अन्वी फोन लावला की पळूनच जाते."

"मी बघते," केतकी म्हणाली.

ते तिचं नेहमीचं उत्तर होतं. सीमापार डिजिटल व्यापार देखरेख मंडळात उपसंचालक असलेली बाई म्हणजे वायरमनची मोठी बहीण, असा रेडेकरांच्या घरात सगळ्यांचा समज. टीव्हीचा रिमोट रुसला तरी आजऱ्याहून फोन तिलाच यायचा. तीही सगळ्यांना 'मी बघते' म्हणायची आणि निम्म्या वेळा विसरायची. या वेळी मात्र विसरली नाही, कारण आई म्हणजे आजऱ्याची शालन आत्ती होती. केतकीची आई गेली तेव्हा तिला पदराखाली घेतलं ते आत्तीनेच. संग्राम आणि केतकी एका ताटात जेवून मोठे झालेले.

दुसऱ्या दिवशी बेलापूरच्या कार्यालयात तिने आत्तीच्या फोनचा माग काढला. आजऱ्यापासून समुद्रापर्यंत आवाज ठणठणीत येत होता. जिथे तारा समुद्रात शिरतात त्या नाक्यावर तो अडवला जात होता, आणि तो नाका केतकीच्याच मंडळाचा होता.

हे नाके का बसवावे लागले ते सांगायला हवं. पूर्वी माल जहाजातून जायचा, कस्टमवाला पेटी उघडून बघायचा. आता माणसाचा आवाज, चेहरा, हातातलं कसब हाच माल झाला आणि तो प्रकाशाच्या वेगाने समुद्राखालच्या तारांतून जाऊ लागला. उघडायला पेटीच उरली नाही. मग नकलांचा सुळसुळाट झाला. मुलाच्या आवाजात परदेशातून फोन येत आणि म्हातारे आईबाप सर्वस्व पाठवून बसत. शेवटी देशादेशांनी मिळून करार केला: ज्याला आपला आवाज विकायचा त्याने तो रीतसर एकालाच विकावा, विकत घेणाऱ्याने त्याची मोहोर नोंदवावी आणि तोच आवाज बिनमोहोरीचा सीमा ओलांडताना दिसला तर नाक्याने तो चोरीचा माल समजून दाबून टाकावा. कल्पना उत्तम होती. फक्त अस्सल आणि नक्कल यांत फरक उरला नाही म्हणून हा कायदा करावा लागला होता, आणि तोच फरक नाक्यालाही कळत नव्हता. आत्ती स्वतः बोलली काय आणि तिची नक्कल बोलली काय, नाक्याच्या लेखी सगळं सारखंच. देशातले फोन या नाक्यावरून जात नाहीत, म्हणून आजऱ्यात कुणाला पत्ता लागला नाही. केतकीला लागू शकला असता असंही नाही, कारण तिने आत्तीला आपणहून शेवटचा फोन कधी केला होता ते तिलाच आठवेना.

म्हणजे आत्तीने आवाज विकला होता. विकत घेणारी परदेशी कंपनी 'ओसरी' नावाची सेवा चालवायची. परदेशात एकट्या राहणाऱ्या मराठी म्हाताऱ्यांशी गप्पा मारणारा, त्यांना वेळेवर जेवायला लावणारा मायेचा आवाज, असा तिचा व्यवसाय. व्यवहाराखाली मंडळाचा शेरा होता: 'होकार ग्राह्य. मराठी परिशिष्ट, आग्रहाचं कलम.'

केतकीने तो शेरा पुन्हा वाचला. ते कलम तिनेच लिहिलं होतं.

हे व्यवहार दिवसाला कोट्यवधी होतात. प्रत्येकाला 'बाबा रे, तू मनापासून हो म्हणालास ना?' असं विचारायला माणसं कुठून आणणार? म्हणून होकारमापक आला. माणूस बोलण्याआधी श्वास कसा घेतो, घशाचे स्नायू किती आवळतो, शब्दाच्या शेवटी आवाज चढतो की पडतो, उत्तरापूर्वी किती थांबतो, यावरून हे यंत्र ठरवतं की होकार खरा की दबावाखालचा, आणि नकार पक्का की वरवरचा. खोटं पकडण्याच्या जुन्या यंत्रांसारखं ते घाबरलेला आणि लबाड यांत गोंधळत नाही, कारण ते प्रत्येक भाषेच्या माणसांवर वेगळं तासलेलं असतं. काही समाजांत गप्प बसणं म्हणजेच नाही. काहींत मान हलवली तरी तो फक्त 'ऐकतोय' एवढाच अर्थ. ज्याने त्याने आपल्या भाषेचं माप ठरवून द्यायचं होतं, आणि मराठीचं काम केतकीकडे आलं.

केतकीने काय करावं? ती लग्नसराईत आजऱ्याला गेली आणि पंगतींमध्ये ध्वनिमुद्रण केलं. मराठी माणूस मनात हो असताना नको म्हणतो ते ऐकायला पंगतीसारखी जागा नाही. 'नको नको, खरंच नको' म्हणत ताटावर हात आडवा धरायचा आणि बोटांच्या फटीतून जिलेबी ताटात पडू द्यायची, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. कोण किती वेळा नको म्हणालं आणि शेवटी काय खाल्लं, याचा मेळ तिने यंत्राला शिकवला. वाढपी सगळे परवानगीने मुद्रित केलेले, आणि त्यांत शालन आत्ती अर्थातच पुढे. आत्तीने उभा जन्म अंगणवाडीत काढलेला. तिच्या आग्रहापुढे पोरंच काय, मधुमेही मामलेदारही हार मानायचे.

मग नैरोबीच्या बैठकीत केतकी दिमाखात उभी राहिली. "आमच्याकडे पहिला नकार हा शिष्टाचार असतो," तिने सांगितलं. "दुसरा भिडेचा. तिसऱ्यांदा विचारल्यावर जे येतं ते खरं उत्तर. पहिल्याच नकाराला तुम्ही फोन ठेवलात तर आमची माणसं म्हणतील, विचारायचं म्हणून विचारलं." सभागृहात हशा झाला, टाळ्या पडल्या, कलम मंजूर झालं. मराठी माणसाला करारात मानाचं पान मिळालं म्हणून वर्तमानपत्रांत तिचे फोटो छापून आले. पंगतीतली जिलेबी आणि आयुष्यभराचा आवाज यांत काही फरक असतो, हे एवढ्या हुशार बाईच्या ध्यानात आलं नाही. शहाण्याची अक्कल कुठे गहाण पडेल सांगता येत नाही.

तिने कान लावून तो व्यवहार ऐकला. ओसरीची मंजिरी, म्हणजे बाई नव्हे, यंत्रच, अदबीने बोलत होती.

"आत्ती, तुमच्या बोलण्यात जी माया आहे ती आमच्या आजीआजोबांना हवीय. द्याल का तुमचा आवाज?"

"नको गं बाई. माझा मेलीचा आवाज कोण ऐकणार?"

"बरं, राहू दे. पण उद्या फोन करू ना?"

दुसऱ्या फोनवर आत्तीने सांध्यांचं दुखणं सांगितलं, संग्रामचं लहानपण सांगितलं, घनसाळ तांदळाचा भात कसा करावा तेही सांगितलं. मंजिरीने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं. आत्ती पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्या फोनवर मंजिरीने, एकदा विकल्यावर हा आवाज परदेशात संग्रामपर्यंतही जाणार नाही, ही अटही वाचून दाखवली, भरभर नव्हे, अगदी सावकाश. त्यानंतर आत्ती हसली आणि म्हणाली, "बरं बाई. एवढी मागं लागलीयास तर घे."

केतकीने मंजिरीचा सूर पुन्हा ऐकला. कुठे थांबायचं, कुठे शब्द लांबवायचा, नको म्हटल्यावर 'बरं, राहू दे' म्हणत वाटी पुन्हा पुढे कशी करायची. हा आग्रह शालन आत्तीचा होता. पंगतीतलं मुद्रण मापासाठी सगळ्यांना खुलं ठेवावं असा करार होता. ओसरीने त्यातून आग्रह कसा करायचा हे शिकून घेतलं, ज्या बाईचा आग्रह सर्वांत जास्त लागू पडला ती हेरली आणि तिच्याच हत्याराने तिला घायाळ केलं. कंपनीला आत्तीच्या दारात नेऊन उभं करणारी केतकीच होती. चहा आला तो तसाच थंड झाला.

मंडळाचे अध्यक्ष लोबो साहेब वसईचे, जुने, सावध गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून दार लोटून घेतलं.

"हे बघ केतकी, तुझ्या आत्तीला मी सोडवतो. त्यांनी मापकासमोर एवढंच म्हणायचं, की मला काय चाललंय ते समजलं नव्हतं. व्यवहाराला असमर्थ म्हणून तो एक करार रद्द होईल. कलमाला हात लावू नकोस. ते उपटलंस तर हजारो करार कोसळतील, आणि पहिला प्रश्न येईल हे लिहिलं कुणी."

"पण आत्तीला वेडी ठरवायचं?"

"कागदावर. घरात कोण विचारतंय?"

खरं सांगायचं तर केतकीला हायसं वाटलं. आपलं पाप एका सहीत धुतलं जाईल, आत्तीचा आवाज अन्वीला ऐकू येईल, आणि नैरोबीचा फोटो भिंतीवर राहील. याच विचारात ती कोल्हापूरवरून आजऱ्याला पोचली. वाटेत आत्तीला सांगायची वाक्यं तिने पाठ केली होती.

आत्ती परसात काजू वाळत घालत होती. "आलीस व्हय? आणि अशी वाळून कोळ झालीयास! बस, आधी भाकरी खा." केतकी नको म्हणाली, दोन भाकऱ्या ताटात पडल्या, वर लोण्याचा गोळा पडला. खाता खाता तिने विषय काढला.

"आत्ती, तुझा आवाज संग्रामकडे जात नाही, ते त्या मंजिरीमुळं."

"ठावं हाय मला," आत्ती म्हणाली.

केतकीने घास ताटात ठेवला.

"तिनं सांगितलं हुतं की. माझ्या मनात आलं, एवढं कुठलं काटेकोर बघत असतील? सरकारी काम म्हंजे थोडंफार इकडंतिकडं चालतंयच." आत्तीचा चेहरा उतरला. "तुमचं सरकार येवढं कडक असंल असं वाटलं न्हाई बघ. आता पोरगी रविवारी फोनवर येतच न्हाई. मी तोंड हलवत बसते नुसती."

"मग तू मापकासमोर म्हण, की तुला समजलं नव्हतं. करार रद्द होईल."

"असं कसं म्हणू? समद्यांना समजंल, शालनला येड लागलंय म्हणून. आणि खोटं कशापायी बोलू?"

"आत्ती, तू दोनदा नको म्हणालीस. तुला नकोच होतं. तिनं तुला भरीस घातलं."

आत्तीने काजूंवरून हात फिरवला आणि थोडी लाजलीच.

"नको न्हवतं गं तसं काही. पहिल्यांदाच हो म्हटलं असतं तर तिचं काम झालं असतं. दुसऱ्या दिवशी कशाला फोन केला असता तिनं? मी नको म्हणायची, मग ती परत करायची. माझं ऐकायची. तुझा काय, संग्रामचा काय, समद्यांचा फोन कामापुरता. तिसऱ्यांदा मात्र मला भ्या वाटलं. म्हटलं, आता न्हाई म्हटलं तर ही कायमची रुसंल."

यंत्र बरोबर होतं. आत्तीचा पहिला नकार वरवरचा, दुसराही वरवरचा, तिसरा होकार खरा. केतकीने घडवलेल्या मापाने तिच्या आत्तीचा एकटेपणा अचूक मोजला होता, आणि ओसरीने तो त्याच भावात उचलला. आपण आठवड्यातून एकदा तरी विचारपूस केली असती तर मंजिरीला दार सापडलंच नसतं, एवढं साधं ते होतं.

महिनाभराने कराराच्या फेरविचाराची सुनावणी बेलापुरात होती. नाना देशांचे सदस्य आले होते. लोबो साहेबांनी तिला पुन्हा एकदा डोळ्यांनी विनवलं. केतकी उभी राहिली.

"मराठी परिशिष्टातलं आग्रहाचं कलम काढून टाकावं, अशी माझी मागणी आहे," ती म्हणाली. "आणि त्यावर झालेले सगळे करार रद्द समजावेत."

"माप चुकलं का?" सुनावणीच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या केनियाच्या बाईंनी विचारलं.

"नाही. माप बरोबर आहे. तेच वाईट आहे." "आमच्याकडे आग्रह करणारा स्वतःही अडकतो. ज्याने जास्तीची जिलेबी वाढली, त्यालाच रात्री ओवा शोधावा लागतो. आज त्याने मला भरवलं, उद्या तो माझ्या दारी जेवायला बसतो आणि माझा आग्रह सोसतो. म्हणून आम्ही एकमेकांचे नकार मोडतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. यंत्राने आग्रह केला तर ते कुणाच्या ओसरीवर जेवायला येणार? कुणाचं दुखणं काढणार? आग्रह करण्याचा हक्क त्यालाच, ज्याला त्याचे भोग भोगावे लागतात. हे मला पंगतीत बसून कळायला हवं होतं. मी नुसती मोजत बसले."

"हे कलम लिहिलं कुणी?"

"मी," केतकी म्हणाली.

कलम गेलं. नकार एकदाच, आणि तो शेवटचा, असा नवा नियम मराठीला लागू झाला. सगळ्यांनाच तो गोड लागला असं नाही. सोलापूरच्या एका निवृत्त निवेदकाने मंडळाच्या दारात येऊन तिला लाखोली वाहिली: "मी राजीखुशीनं विकला होता, बाई! जगभर लोक मला ऐकत होते. तुमच्या घरचं भांडण तुम्ही घरात मिटवायचं!" त्याचंही खोटं नव्हतं. केतकीची रवानगी भाषांतरं तपासण्याच्या टेबलावर झाली. लोबो साहेब निरोपाला आले नाहीत. तिला याचं फारसं दुःख झालं नाही. हात दाखवून अवलक्षण तिनेच केलं होतं, आणि निदान एकदा तरी निस्तरलं, अशी तिची समजूत होती.

करार रद्द झाल्यावरच्या पहिल्या रविवारी ती मुद्दाम आजऱ्याला गेली. टोरांटोहून फोन आला तेव्हा आत्तीने भीत भीतच तोंड उघडलं. "अन्वी, बाळा?" पलीकडून पोरगी किंचाळली, "आजी बोलली! बाबा, आजी बोलली!" संग्रामचे डोळे भरले. आत्तीने कोल्ह्याची आणि फणसाची गोष्ट सांगितली. कोल्ह्याचा आवाज काढला, फणस पडल्याचाही काढला. केतकी दाराशी बसून ऐकत होती. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास आला.

फोन संपल्यावर आत्ती जागची उठली नाही. दुपार कलली. आत्ती फोनकडे बघे, मग बाहेर बघे, मग पुन्हा फोनकडे.

"आवाज दिल्यावरबी मंजिरी या वेळेला फोन करायची," ती शेवटी म्हणाली. "आता येणार न्हाई न्हवं?"

"नाही आत्ती. आता ते बंद झालं."

"बंद कुणी केलं?"

"मीच केलं. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी." आत्तीने तो शब्द चवीला घेतल्यासारखा उच्चारला. रागावलेली नव्हती. रागावली असती तर केतकीला बरं वाटलं असतं. "तिकडं परदेशात एक म्हातारी हुती, सांगलीकडची. माझ्या आवाजानं दोन घास खायाची म्हणं. मंजिरी सांगायची मला. ती आता काय करंल?"

केतकीच्या सबंध सुनावणीत ती म्हातारी कुठे आलीच नव्हती.

"मला पोराशी बोलायला मिळालं, चांगलं झालं. न्हाई कशाला म्हणू? पण केतकी, माझा आवाज दिला तवा मला इचारून दिला. परत आणलास तवा मला कुणी इचारलं?" आत्ती शांतपणे म्हणाली. "त्या यंत्रानं मला तीनदा इचारलं गं. तू एकदाबी न्हाई."

केतकीने आत्तीचा हात धरला. चुकलं माझं, असं ती म्हणाली. मी रोज फोन करीन, अगदी याच वेळेला करीन, असंही म्हणाली. बोलताना तिला स्वतःचाच आवाज विनवणीचा वाटला.

"कर की, सवड झाली की," आत्ती म्हणाली आणि हात हलकेच सोडवून घेऊन काजू गोळा करायला उठली.

परसातून ती बराच वेळ आत आली नाही. कोल्हापूरच्या गाडीची वेळ होत आली, तशी केतकीने पिशवी उचलली आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. चुलीवर घनसाळ तांदळाचा भात शिजत होता, घरभर त्याचा वास सुटला होता.

"निघते मी, आत्ती."

आत्तीने सुपातून मान वर केली.

"बरं," ती म्हणाली. जेवून जा, असं काही म्हणाली नाही.